ब्रेकमास्तरांनी मर्यादा ओलांडली

शिकवणीच्या गाडीत शिक्षकाच्या पायाशी एक जादा ब्रेक असतो. शिकणारा माणूस स्टिअरिंगला घट्ट धरून, डोळे मिटावेत की उघडे ठेवावेत या विचारात असतो, तेव्हा शेजारच्या सीटवरून कोणालातरी गाडी थांबवावी लागते. ते काम ब्रेकमास्तरांनी तरुणपणी पत्करलं आणि केस पिकले तरी सोडलं नाही. ड्रायव्हिंग स्कूलच्या मालकापासून समोरच्या पंक्चरवाल्यापर्यंत सगळे त्यांना ब्रेकमास्तर म्हणत, आणि ते नाव त्यांना मनापासून आवडायचं.

पायाइतकंच त्यांचं तोंडही कामात असे. विद्यार्थी गाडीत बसला की ते चालू व्हायचं आणि तो उतरून रस्ता ओलांडेपर्यंत थांबायचं नाही. "क्लच दाबा. क्लच. अहो, डावा पाय! तुमचा डावा, माझा नव्हे. आता हळू सोडा. हळू म्हणजे हळू. ही गाडी आहे, बेडूक नाही. आरशात बघा. पुढे बघा. दोन्हीकडे एकदम बघा!" एवढं ऐकून माणसं कशीबशी गाडी चालवायला शिकत आणि पुढे बरीच वर्षं सिग्नलला थांबली की त्यांच्या कानात मास्तरांचा आवाज येई.

मास्तर कधी आजारी पडले नव्हते, कोणाशी भांडले नव्हते, चारचौघांत रडले नव्हते, आणि सुटलेल्या बसच्या मागे तर कधीच धावले नव्हते. आपण फार व्यवस्थित जगलो असं त्यांचं मत होतं. त्या मताला धक्का लावला तो मेहुण्याने.

मेहुणा म्हणजे बायकोचा धाकटा भाऊ. त्याने आधी पाणी शुद्ध करायची यंत्रं विकली, मग शहराबाहेरचे प्लॉट विकले, मग गुडघ्याला बांधायची लोहचुंबकं. या तिन्हींतून वाचलेल्या नातेवाइकांसाठी त्याने आता नवीन उद्योग काढला होता: मर्यादामुक्ती शिबिर. जेवायला आला तेव्हा त्याच्या अंगात काळा टी-शर्ट होता आणि छातीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं, 'मी थांबत नाही.'

मास्तरांनी ते वाचलं आणि टेबलाखाली त्यांचा उजवा पाय आपोआप खाली दाबला गेला.

"भावोजी," मेहुणा म्हणाला, "माणसाला तीन मर्यादा असतात. शरीराची, मनाची आणि आत्म्याची. तीन आठवड्यांत मी तिन्ही तोडून देतो."

"मोडलेलं दुरुस्त कोण करून देतं?" मास्तरांनी विचारलं.

"बघ ताई, हेच! हेच म्हणतो मी. रागावू नका भावोजी, पण तुम्ही सगळं आयुष्य शेजारच्या सीटवर बसून काढलंत."

वाक्य मेहुण्याने सहज टाकलं असेल, पण ते मास्तरांना लागलं. हातातला घास तसाच राहिला. त्यांनी बायकोकडे पाहिलं. त्यांना वाटलं ती म्हणेल, काय बोलतोस रे, त्यांच्यामुळे अर्ध्या गावाला गाडी येते. बायको पाणी ओतत म्हणाली, "जा हो तुम्ही. दोनच माणसं आली आहेत त्याच्या शिबिराला. तिसरं गेलं तर बरं दिसेल."

अशा रीतीने मास्तर मर्यादा ओलांडायला निघाले.

शरीराची मर्यादा बिस्किटांच्या कारखान्यामागच्या मैदानावर ओलांडायची होती. पहाटे उपाशीपोटी यायचं होतं आणि कारखान्याची भट्टी नेमकी त्याच वेळेला पेटायची. लोणी आणि साखर भाजल्याच्या वासात तीन माणसं रांगेत उभी राहिली: एक दातांचे डॉक्टर, एक बँकेतल्या बाई आणि मास्तर. तिघंही हाताच्या अंतरावर होती, तरी मेहुणा कर्ण्यातून बोलत होता.

"शरीर नाही म्हणालं की काय समजायचं?"

"थांबायचं," मास्तर म्हणाले.

"चूक! इथून खरी सुरुवात झाली असं समजायचं!"

मग प्रत्येकाच्या कमरेला दोरी बांधून दोरीला टायर बांधला. मास्तरांनी सवयीने वाकून आपल्या टायरवरून हात फिरवला. "हा पार गुळगुळीत झालाय. रस्त्यावर पकड घेणार नाही."

"तो रस्त्यावर चालवायचा नाही भावोजी, मातीतून ओढायचाय."

मास्तरांनी ओढला. वासाने तोंडाला पाणी सुटलेलं, छाती भात्यासारखी फुललेली, मागे टायर, पुढे कर्णा. मैदानाच्या टोकाला वळताना त्यांच्या डाव्या गुडघ्यातून वाळकी फांदी मोडावी तसा आवाज आला. मास्तर मटकन खाली बसले.

मेहुणा धावत आला तो टाळ्या वाजवतच. "ऐकलात? सगळ्यांनी ऐकलात? हा मर्यादा तुटल्याचा आवाज!"

हाडांच्या डॉक्टरांनी संध्याकाळी त्याच आवाजाला दुसरं नाव दिलं आणि गुडघ्याला पट्टा बांधला. मास्तरांना वाटलं, आता सुटलो. पण मेहुणा घरी येऊन म्हणाला, पुढचा आठवडा मनाचा आहे, त्यात गुडघा लागत नाही.

गुडघा लागला. मनाची मर्यादा एका बालवाडीच्या वर्गात ओलांडायची होती, कारण रविवारी तो रिकामा असे. बसायला बालवाडीच्याच खुर्च्या. मास्तरांसारखा धिप्पाड माणूस त्या लाल खुर्चीवर बसला तेव्हा गुडघे हनुवटीला लागले. भिंतीवर हत्तीचं चित्र होतं आणि खाली लिहिलं होतं, 'मी मोठा आहे.'

मेहुण्याने फोनवर बासरी लावली आणि सांगितलं की आज प्रत्येकाने रडायचं. आत साचलेलं बाहेर पडू द्यायचं. दातांच्या डॉक्टरांनी एवढ्यासाठीच शिबिराला नाव घातलं असावं. बासरी सुरू होताच त्यांनी हंबरडा फोडला. लहानपणी वडील त्यांना सर्वांदेखत 'मठ्ठ' म्हणाले होते. त्यांचं पाहून बँकेतल्या बाईंना भरून आलं. नक्की कशाने ते त्यांनाही सांगता येईना, पण त्या बराच वेळ मन लावून रडल्या आणि शेवटी छान झोप झाल्यासारख्या ताज्या दिसू लागल्या. उरले मास्तर.

"वडील आठवा, भावोजी."

मास्तरांनी आठवले. वडील आनंदी माणूस होते. झोपेत गेले, तेही हसतमुखाने.

"मग आई आठवा. बालपण आठवा. कोणी काही बोललेलं आठवा."

"तू बोललेलं आठवतंय."

"आठवा, आठवा! अजून खोल जा!"

मास्तर मनातल्या मनात शोधत राहिले. एकदा नवी गाडी एका विद्यार्थ्याने मालकाच्याच भिंतीवर घातली होती, ते आठवलं. वाईट वाटलं, पण रडण्याएवढं नाही. त्यांना शरम वाटू लागली. डॉक्टरांसारखा शिकलेला माणूस इतक्या सहज रडतो आणि आपल्याला हेही जमत नाही. शेवटी पाय मोकळा करावा म्हणून ते उठायला गेले. खुर्ची त्यांना सोडेना. खुर्चीसकट अर्धवट उठताना गुडघा असा काही पिरगळला की मास्तरांच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी आलं.

"फुटलं!" मेहुणा ओरडला. "धरण फुटलं!"

दातांच्या डॉक्टरांनी त्यांना मिठी मारली, खुर्चीसकट. बँकेतल्या बाई पुन्हा रडल्या.

जाताना मेहुण्याने घरचा अभ्यास दिला: जवळच्या माणसाला आजवर कधीच न बोललेलं एक खरं बोलायचं. मास्तर रस्ताभर तयारी करत लंगडत घरी आले. बायको शर्टाला बटण लावत बसली होती. ते समोर उभे राहिले, घसा खाकरला.

"तुला एक सांगायचंय. आजवर बोललो नाही."

तिने सुई थांबवली. "काय झालं?"

"मला तुझ्या भावाचा राग येतो."

बायकोने दोरा दातांनी तोडला. "त्यात न बोललेलं काय? तो आला की तुमच्या कपाळावर लिहिलेलं असतं. मलाही येतो. आईलासुद्धा यायचा. दुसरं काही आहे का?"

मास्तरांनी पुष्कळ विचार केला. दुसरं काही नव्हतं. एवढ्या वर्षांच्या संसारात आपल्या पोटात एवढं एकच गुपित निघावं आणि तेही सगळ्यांना ठाऊक असावं, याचं त्यांना फार वाईट वाटलं. बालवाडीतच हे सुचलं असतं तर रडू आलं असतं, असंही त्यांच्या मनात येऊन गेलं.

तिसरा आठवडा आत्म्याचा. आत्म्याच्या बाबतीत मेहुण्याजवळ सामान कमी होतं. मैदान नको, वर्ग नको, बासरीसुद्धा नको. त्याने फक्त मौन सांगितलं. आठवडाभर एक शब्द बोलायचा नाही. खुणा करायच्या नाहीत, कारण खुणा म्हणजे हातांची बडबड. लिहूनही सांगायचं नाही. फार तर मान हलवायची.

"अरे, पण मी शिकवू कसा?" मास्तरांनी विचारलं. बोलायची ती शेवटची संधी होती.

"काम मौनाच्या आड येत नाही भावोजी. तोंड येतं."

हे मास्तरांना पटलं नव्हतं, पण एव्हाना ते इरेला पेटले होते. शरीरात ते बसले होते, मनात नापास झाले होते. निदान आत्म्यात तरी उत्तीर्ण व्हायचं त्यांनी ठरवलं. बायकोने मालकाला फोन करून सांगितलं. मालकाने आधी कपाळाला हात लावला. मग मास्तरांचा आवाज आठवडाभर ऐकू येणार नाही हे ध्यानात आल्यावर त्याने फारशी हरकत घेतली नाही.

त्या आठवड्यात मास्तरांच्या वाट्याला शिंपीणबाई होत्या. साठी उलटलेल्या, शेजारच्या गल्लीत शिवणकामाचं दुकान. त्यांचे यजमान वारले तेव्हापासून त्यांची गाडी घरापुढे आच्छादनाखाली उभी होती आणि ती आपण चालवायची असं बाईंनी मनाशी पक्कं केलं होतं. पण परीक्षेला त्या इतक्यांदा नापास झाल्या होत्या की परीक्षक आता त्यांची घरची खुशाली विचारायचे. मास्तरांनीही त्यांच्यापुढे हात टेकले होते. बाई गाडी सुरू करत, बंद पाडत, पुन्हा सुरू करत आणि दर वाक्याला वळून "काय म्हणालात?" असं विचारत.

पहिल्या सकाळी बाई चाकामागे बसल्या आणि वाट पाहू लागल्या. शेजारून काहीच येईना.

"बरं नाही का तुम्हाला?"

मास्तरांनी मान हलवली. म्हणजे बरं आहे की नाही, हे बाईंना कळलं नाही.

"सुरू करू?"

होकाराची मान.

गाडीने उडी मारली आणि बंद पडली. मास्तरांच्या तोंडात 'क्लच' हा शब्द येऊन दातांवर आपटला. त्यांनी ओठ आवळले. बाईंनी स्वतःशीच काहीतरी पुटपुटत किल्ली फिरवली, पाय जरा सावकाश उचलला आणि गाडी चालू लागली. कोपऱ्यावर मालट्रक उभा होता. मास्तरांना घाम फुटला. पाय ब्रेकवर, श्वास बंद, पोटात सगळी बाराखडी उकळतेय. बाईंनी ट्रक पाहिला, वेग कमी केला, आरशात पाहिलं आणि त्याला वळसा घालून गेल्या.

दुसऱ्या दिवशी त्यांनी गाडी मागे घेतली. तिसऱ्या दिवशी दोन गाड्यांच्या मधल्या जागेत नीट लावली. मास्तर शेजारी बसून होते आणि त्यांचा पाय जागचा हलला नव्हता. त्यांना आनंद व्हायला हवा होता. झालाही, पण त्याच्या खाली दुसरं काहीतरी खुपत होतं. न राहवून त्यांनी बाईंकडे असं पाहिलं की प्रश्न विचारायची गरजच उरली नाही.

"काय आहे मास्तर," बाई संकोचून म्हणाल्या, "तुम्ही बोललात की माणूस म्हणून मला तुमच्याकडे बघावं लागायचं. आता रस्त्याकडे बघायला वेळ मिळतो."

टायर ओढताना काहीतरी तुटलं होतं, त्याला पट्टा तरी बांधता आला. हे कुठे तुटलं ते मास्तरांना दाखवता आलं नसतं. केसांबरोबर पांढरी झालेली ती सगळी 'क्लच, क्लच' त्यांच्या डोळ्यांपुढून गेली. एवढी माणसं आपल्यामुळे शिकली, की आपण असूनही शिकली? विचारायची सोय नव्हती.

आठवड्याअखेरीस परीक्षा झाली. शंकूंमधून वळसे घेत, चढावर थांबून पुन्हा सुटत, बाई पास झाल्या. परीक्षक खुर्चीतून उठून उभे राहिले. बाईंनी पर्समधून आपल्या गाडीची किल्ली काढली आणि मास्तरांपुढे धरली.

"पहिली फेरी तुमच्याबरोबर. नाही म्हणू नका."

नाही म्हणता येत नव्हतं, हीच तर अडचण होती. मास्तरांनी नकाराची मान हलवायला सुरुवात केली, पण आनंदाच्या भरात बाईंना ती होकाराची वाटली.

बाईंच्या गाडीत शेजारच्या सीटला ब्रेक नव्हता. कशाला असेल? त्यांचे यजमान एकटेच चालवायचे. मास्तर बसले, पट्टा लावला, आणि पाय टेकवल्यावर खाली मऊ पायपुसणं लागलं, तेव्हा त्यांची पाचावर धारण बसली. ब्रेक नसलेल्या सीटवर ते सहसा बसतच नसत. बसने जात, नाहीतर चालत. गाडी मोठ्या रस्त्याला लागली. मास्तरांनी दोन्ही पायांनी पायपुसणं एवढ्या जोराने दाबलं की ते गोळा होऊन पुढे सरकलं. दुखरा गुडघा ठणकू लागला. छाती धडधडत होती, डोळे भरून आले होते, आणि आत कुठेतरी त्यांनी ओळखीपाळखीच्या सगळ्या देवांना हाका मारून झाल्या होत्या. शरीर, मन, आत्मा, सगळ्यांची एकदमच गाळण उडाली. मेहुण्याला तीन आठवडे लागले होते, ते बाईंनी तिसऱ्या गिअरमध्ये केलं.

पुलाच्या तोंडाशी एक सायकलवाला अचानक आडवा आला.

"ब्रेक!" मास्तर किंचाळले.

गाडी आधीच थांबली होती.

"दिसला मला," बाई शांतपणे म्हणाल्या. मग त्यांनी दचकून विचारलं, "तुमचं मौन मोडलं का हो? माझ्यामुळे?"

मास्तरांनी सवयीने होकाराची मान हलवली. आता मौन नव्हतंच, बोलायला मुभा होती. पण सांगण्यासारखं काही सुचेना. गाडी पुलावर चढली. पुढच्या गाडीची मागची बाजू सोडून दुसरीकडे पाहायची त्यांना सवय नव्हती. करण्यासारखं काहीच हाती नाही म्हटल्यावर त्यांनी बाजूच्या खिडकीतून पाहिलं. खाली नदी होती. त्यांनी हजारोंना या पुलावरून नेलं होतं, त्यामुळे पुलाखाली नदी असणार हे त्यांना माहीत होतं. पण तिला एवढं रुंद पात्र आहे, मधे खडक आहे आणि खडकावर कोणीतरी कपडे वाळत घालतं, ही बातमी त्यांना नवीन होती.

"छान चालवता तुम्ही," पूल उतरल्यावर ते म्हणाले.

बाईंनी त्यांच्याकडे पाहिलं नाही. रस्त्याकडे बघूनच त्या म्हणाल्या, "आभारी आहे."

पुढे जे झालं ते आत्म्याला शोभण्यासारखं नव्हतं. मालकाने दारावर पाटी लावली: 'येथे मौन पद्धतीने ड्रायव्हिंग शिकवले जाते.' मास्तरांनी परोपरीने सांगितलं की ही पद्धत नाही, हा अपघात आहे. मालक म्हणाला, तुम्ही बोलू नका, पद्धतीला बाधा येईल. दुसऱ्या गाडीवरच्या तरुण शिक्षकाने मौन धरलं आणि त्याच्या विद्यार्थ्याने अत्यंत शांततेत गाडी दिव्याच्या खांबाला नेऊन भिडवली. शिक्षक खांबाकडे डोळे मोठे करून बघत होता म्हणे, पण शब्द काढला नाही आणि त्या नादात ब्रेकही दाबला नाही. पाटी दुसऱ्या दिवशी उतरली. खांब मात्र तसाच वाकडा राहिला.

मेहुण्याच्या पुढच्या शिबिराला बरीच माणसं आली, कारण दातांचे डॉक्टर आपल्या प्रत्येक पेशंटला तोंड उघडं असतानाच शिबिराचं महत्त्व सांगत होते. मेहुण्याने मास्तरांना मंचावर बोलावलं.

"सांगा भावोजी, मर्यादा ओलांडल्यावर काय मिळालं?"

मास्तर कर्ण्यापुढे उभे राहिले. खोटं बोलायची सवय नव्हती. "गुडघा अजून दुखतो," ते म्हणाले. "मी जरा जास्त बोलतो, असं कळलं. आणि मला फार भीती वाटते, हेही कळलं. पूर्वी ती वाटायची, पण पायाखाली ब्रेक असल्यामुळे लक्षात येत नव्हती. एवढंच."

मेहुण्याने कर्णा हिसकावून घेतला. "ऐकलंत? वेदना, मौन, निर्भयता! तिन्ही पायऱ्या!" टाळ्यांचा कडकडाट झाला. दातांच्या डॉक्टरांचे डोळे पाण्याने डबडबले.

बायको पहिल्या रांगेत बसली होती. ती टाळ्या वाजवत नव्हती, मास्तरांकडे टक लावून पाहत होती. सभा संपल्यावर दोघं चालत घरी निघाली. मास्तरांच्या लंगडण्याला सांभाळत ती हळू चालत होती.

"खरंच भीती वाटते तुम्हाला?"

"हो."

"शिकवताना?"

"रोज."

तिने चालणं आणखी हळू केलं. मग म्हणाली, "त्या शिंपीणबाई बऱ्या चालवतात का आता?"

"उत्तम. परवा एकट्याच बाहेरगावी जाऊन आल्या."

"मग मी शिकेन म्हणते गाडी."

मास्तर थांबले. त्यांचा चेहरा उजळला. "अगं, मग उद्यापासूनच ये. सकाळची पहिली गाडी..."

"तुमच्याकडे नाही," बायको म्हणाली. "त्यांच्याकडे. मी विचारलंय त्यांना, त्या हो म्हणाल्यात."

मास्तरांनी तोंड उघडलं. मिटलं. पुन्हा उघडलं. शिंपीणबाईंना शिकवायचा परवाना नाही, त्यांच्या गाडीला जादा ब्रेक नाही, चढावर त्या अजून घाई करतात, अशी सगळी वाक्यं घशात येऊन रांगेत उभी राहिली. बायको त्यांच्याकडे बघत वाट पाहत होती.

"शिक," मास्तर म्हणाले. त्या दोन अक्षरांना त्यांची सगळी ताकद लागली. "पण आधी त्यांच्या शिकवायच्या परवान्याचं बघू. तोवर त्यांना मागे बसव, मी शेजारी बसतो."

"गप्प बसाल?"

"नाही," मास्तर प्रामाणिकपणे म्हणाले. "प्रयत्न करीन."

बायकोला हसू आलं. तिने त्यांचा हात आपल्या खांद्यावर घेतला, म्हणजे गुडघ्यावर भार येणार नाही, आणि दोघं पुढे चालू लागली. चार घरं ओलांडली असतील नसतील, तोच मास्तर म्हणाले, "क्लच म्हणजे डावा बरं का."

"माहीत आहे," ती म्हणाली. "माझा डावा."